गंगेवरील शिडाच्या मालवाहू नौका

गंगा, तिच्या उपनद्या आणि मुखप्रदेशातील फाटे यांवरून धान्य, मीठ, सोरा, कापूस, अफू, दगड, लाकूड इ. जड माल वाहून नेणाऱ्या लाकडी नौका. शीड, वल्ही, बांबूची लांब लग्गी आणि काठावरून माणसांनी ओढावयाचा दोर ही त्यांची चालक साधने होत. लोहमार्ग येण्यापूर्वी उत्तर भारतातील लांब पल्ल्याचा जड व्यापार मुख्यतः ह्या नौकांवर अवलंबून होता. त्यांचा ऱ्हास यंत्रामुळे झाला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते व ते खरेही आहे. परंतु ही हकीकत वाटते तितकी सरळ नाही. वाफेची यंत्रे प्रथम नदीवर आणि नंतर नदीकाठी आली, तेव्हा त्यांना लागणारा कोळसा, रूळ आणि लोखंड ठिकठिकाणी पोहोचविण्याचे काम ह्याच नौकांनी केले.

नदी व वारा : प्रयाग (अलाहाबाद) हे स्थान समुद्रसपाटीपासून १०० मी. पेक्षाही कमी उंचीवर आहे आणि तेथून समुद्रापर्यंतचा जलमार्ग मात्र सु. १,६०० किमी. भरतो. इतक्या अल्प उतारामुळे नदी मोठ्या नौकांना सुगम झाली. वर्षाकाळात बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे गंगेच्या मैदानात पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने वाहतात. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या प्रारंभी पश्चिमेचा वारा चालतो. बिहारी नावाडी यांना अनुक्रमे पुरवैया आणि पछुआ म्हणतात. प्रवाह नौकेला खाली नेतो आणि पावसाळी वारा तिला वर चढवितो, अशी ही निसर्गाची सोय होती. अर्थात ती पुरी पडत नसे. पावसाळ्यात वारा अनुकूल असला, तरी प्रवाह दुप्पट होई. जेम्स रेनेल ह्या सर्वेक्षकाच्या नोंदींप्रमाणे कोरड्या महिन्यांत गंगेचा वेग ताशी तीन मैलांहून कमी, तर पुराच्या दिवसांत पाच-सहा मैल, आणि काही ठिकाणी सात-आठ मैलही असे. वारा पडला, की शीड उतरवून दोर हाती घेण्यावाचून गत्यंतर नसे.

गंगेचे पात्र स्थिर नाही. दरवर्षी पुराबरोबर काठ खचतात, वाळूची बेटे नवी होतात आणि जुनी नाहीशी होतात. गेल्या वर्षी ज्या वाटेने नौका नेली, ती वाट यंदा उघडी असेलच असे नाही. त्यामुळे नकाशापेक्षा नावाड्याच्या डोळ्यांचे महत्त्व अधिक होते. पाण्याचा रंग, त्यावरील भोवरे आणि लहरींची ठेवण पाहून खोली ओळखणे ही त्याची विद्या, आणि ती पिढीजात होती.

प्राचीनता व जुने वृत्तांत : गंगेवरील मालवाहतूक फार प्राचीन आहे, तथापि तिची बारकाईने वर्णने मिळतात ती सोळाव्या शतकापासून. रॅल्फ फिच हा इंग्रज प्रवासी १५८५ च्या सुमारास आग्र्याहून यमुनामार्गे बंगालमधील सातगावकडे निघाला, तेव्हा त्याच्या ताफ्यात १८० नौका होत्या आणि त्यांत मीठ, अफू, हिंग, शिसे, गालिचे इ. माल भरलेला होता. सुटी नौका न नेता ताफ्याने जाण्याची ही पद्धत पुढेही टिकली. चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त हे तिचे एक कारण. अडकलेली नौका सोडविण्यास शेजारच्या नौकांतील मनुष्यबळ मिळावे, हे दुसरे आणि बहुधा अधिक महत्त्वाचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमस बाउरी ह्या दर्यावर्द्याने पाटण्याहून सोरा घेऊन येणाऱ्या ‘पटेला’ नावाच्या नौकांचे वर्णन केले आहे. अतिशय भक्कम, तळाला सपाट आणि पुष्कळ माल सामावणाऱ्या, असे तो त्यांना म्हणतो. युरोपातील युद्धांना लागणाऱ्या बंदुकीच्या दारूतील सोऱ्याचा मोठा भाग त्या काळी ह्या सपाट तळाच्या नौकांतूनच हुगळीच्या बंदरांत उतरत असे.

अठराव्या शतकातील सर्वांत विश्वसनीय माहिती रेनेलची आहे. त्याने १७६० नंतर बंगालच्या नद्यांची मोजणी केली आणि १७८१ मध्ये गंगा व ब्रह्मपुत्रा यांवर निबंध सादर केला. बंगालमधील जलमार्गांवर तीस हजार नावाड्यांना सतत काम मिळते, असा त्याचा अंदाज होता. एक कोटी लोकांना लागणारे मीठ आणि त्यांच्या अन्नाचा मोठा हिस्सा ह्या मार्गांनी जातो, असेही तो नमूद करतो. तीस हजार हा आकडा पुढे पुष्कळांनी उद्धृत केला. पण तो खानेसुमारीचा नसून एका जाणत्या निरीक्षकाचा अदमास आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

बांधणी व प्रकार : गंगेवरील नौकांची बांधणी कोकण किनाऱ्यावरील नौकांहून मुळातच भिन्न आहे. कोकणातील मचवा किंवा गलबत समुद्राच्या लाटा कापण्यासाठी घडविलेले असते. त्याला खोल पठाण (तळाचा कणा) आणि निमुळती नाळ असते, शीडही तिरक्या परबाणावर ताणलेले असते. गंगेवरील बहुतेक मालवाहू नौकांना असा बाहेर आलेला कणा नाही. वाळूत रुतली तरी कलंडू नये आणि थोड्या पाण्यातही तरंगावी, ही तिची पहिली गरज. शीड चौकोनी असून ते आडव्या काठीला बांधून उंच डोलकाठीवर चढवीत. असे शीड पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यातच उत्तम चालते; वाऱ्याच्या विरुद्ध तिरके जाणे त्याला फारसे साधत नाही. अरुंद व वाकड्या नदीपात्रात त्याचा फारसा तोटा नव्हता, कारण वारा समोरून आला म्हणजे तसाही दोरच उपयोगी पडे. शिडे जाड्याभरड्या कापडाची किंवा तागाच्या पोत्यांची असत व अनेकदा ठिगळांनी भरलेली असत. युरोपीय प्रवाशांनी ह्या फाटक्या शिडांची पुष्कळ थट्टा केली आहे. पाठीमागून वारा घेण्यापुरते ते शीड पुरेसे होते, आणि नव्या शिडाचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न थट्टा करणाऱ्यांना पडला नाही.

पटेला (पटैली) ही बिहार व वरच्या गंगेवरील प्रमुख मालवाहू नौका. ती सालवृक्षाच्या फळ्यांची असे. एका फळीची कड दुसरीवर चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेली तिची बाजू कौलारू छपरासारखी दिसे. तळ सपाट, पुढचा व मागचा भाग पाण्याबाहेर झेपावलेला आणि मागे प्रचंड आकाराचे सुकाणू. मालावर बांबू व गवताचे छप्पर घालीत आणि त्या छपरावरील मचाणावर उभा राहून मांझी सुकाणू फिरवी. उलाक ही बंगालमधील नौका. तिच्या फळ्या कडेला कड लावून बसविलेल्या, बाजू गुळगुळीत व गोलसर, नाळ टोकदार. वाऱ्यापुढे आणि दोराने ओढण्यास ती पटेल्यापेक्षा हलकी जाई. उथळ पाण्यात मात्र पटेला सरस ठरे. पलवार ही त्याहून लहान व वेगवान. याशिवाय मेल्हनी, भड अशी अनेक नावे आढळतात. एकाच नावाची नौका जिल्हा बदलला की थोडी वेगळी दिसते आणि एकाच नौकेला दोन घाटांवर दोन नावे असतात. म्हणून तिची काटेकोर वर्गवारी करण्याचे प्रयत्न फारसे यशस्वी झालेले नाहीत.

ह्या नौकांची चित्रे व वर्णने आज उपलब्ध आहेत, ती तीन व्यक्तींमुळे. बाल्थाझार सॉल्व्हिन्स ह्या फ्लेमिश चित्रकाराने १७९१ ते १८०३ ह्या काळात कलकत्त्यात राहून तेथील लोकजीवनाची जी कोरीव चित्रे केली, त्यांत नौकांचा एक स्वतंत्र विभाग आहे. जॉर्ज ग्रीअर्सनने बिहारमधील ग्रामीण जीवनावरील आपल्या कोशात (१८८५) नौकांचे प्रकार आणि त्यांच्या भागांची स्थानिक नावे नोंदविली. १९२४ मध्ये जेम्स हॉर्नेलने गंगेवरील नौकांच्या बांधणीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. बांधणाऱ्या सुतारांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. मापे त्यांच्या हातांत व स्मरणात होती.

नावाडी : नौकेवर एक मांझी (कोकणातील तांडेलासारखा प्रमुख) आणि त्याच्या हाताखाली दांडी म्हणजे वल्हेकरी असत. पुढे नाळेवर उभा राहून लग्गीने पाण्याची खोली पाहणाऱ्यास गोलिया म्हणत. बिहारमध्ये हे लोक प्रामुख्याने मल्लाह, केवट, निषाद ह्या जातींचे. पूर्व बंगालमध्ये त्यांत मुसलमानांचे प्रमाण मोठे होते. नौका कधी मांझीच्या मालकीची असे, पण मोठी नौका पुष्कळदा महाजनाची किंवा महाजनाकडे गहाण असे.

वर चढताना करावे लागणारे काम फार कष्टाचे होते. डोलकाठीच्या शेंड्यापासून काढलेला लांब दोर, ज्याला गून म्हणत, काठावर नेऊन दांडी तो खांद्यावर घेत. प्रत्येकाजवळ बांबूचा एक लहान दांडका असे. त्याच्याशी दोर अडकवून तो छातीवर किंवा खांद्यावर टेकवून सर्वजण एकामागून एक पुढे वाकून चालत. काठ सपाट असेल तेथे हे जमे. पण काठ खचलेला असे, काटेरी झुडपे असत, मध्येच एखादा नाला येई. मग दोर डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यातून जावे लागे. खचत्या काठाखाली सापडून नौका व माणसे दोन्ही नष्ट झाल्याचे उल्लेख प्रवासवृत्तांतांत वारंवार येतात. चैत्र-वैशाखात बंगालमध्ये उठणारे वायव्येकडील वादळ (कालबैसाखी) घटकाभरात येई आणि उघड्या पात्रातील ताफ्याची धूळधाण करी. कहलगाव आणि सुलतानगंज येथे नदीत उभे असलेले खडक ओलांडताना गंगेला नैवेद्य दाखविण्याची प्रथा होती. रात्री नौका चालवीत नसत. सूर्यास्ताला काठाशी खुंट ठोकून ती बांधावी, वाळूत चुली पेटवाव्यात, दिवसाचे एकच पोटभर जेवण करावे आणि पहाटे पुन्हा दोर उचलावा, असा क्रम महिनोन्‌महिने चाले. कलकत्त्याहून अलाहाबादला पोहोचण्यास अडीच ते तीन महिने लागत.

दांडी आगाऊ रक्कम घेऊन पळून जातात, अशी तक्रार युरोपीय प्रवाशांच्या रोजनिश्यांत जागोजागी आढळते. ती खोटी नसावी. पण त्याच रोजनिश्यांत सैन्याच्या हालचालीसाठी नौका नावाड्यांसकट वेठीस धरल्याच्या नोंदीही आहेत, आणि ह्या दोन गोष्टींचा संबंध लिहिणाऱ्यांनी क्वचितच जोडला आहे. ज्याच्या श्रमावर हा सर्व व्यापार उभा होता, त्याचे म्हणणे कागदावर आलेले नाही. इतिहासकाराला ते दुसऱ्यांच्या तक्रारींमधून शोधावे लागते.

व्यापार : खाली येणाऱ्या मालात तांदूळ, गहू, तेलबिया, साखर, सोरा, नीळ, अफू व कापूस, वर जाणाऱ्या मालात मीठ, धातू, मसाले, नारळ आणि पुढे विलायती कापड, अशी ढोबळ विभागणी होती. खाली येणारा माल वजनाने पुष्कळच अधिक असल्यामुळे वर जाताना अनेक नौका अर्धरिक्त असत आणि प्रवाहाविरुद्धचा प्रवास त्यामुळेच शक्य होई.

अफूची वाहतूक सरकारी मक्त्याची व म्हणून मोठ्या थाटाची होती. पाटणा येथे तयार झालेली अफू पेट्यांत भरून नौकांच्या ताफ्याने कलकत्त्यास जाई व तेथील लिलावानंतर चीनकडे रवाना होई. ह्या ताफ्याच्या पुढे लहान होड्या चालत. त्यांतील माणसे पाण्याची खोली मोजीत आणि ढोल वाजवून इतर नौकांना वाटेतून दूर होण्यास सांगत. १८५० च्या सुमारास वॉल्टर शेरविल ह्याने काढलेल्या चित्रांत हा ताफा दिसतो, आणि त्याबरोबरच पेट्यांसाठी नेपाळातून आणलेल्या लाकडाचे तराफेही.

दगडाची वाहतूक महाराष्ट्राच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. काशीच्या घाटांचा वालुकाश्म मुख्यतः चुनारच्या खाणींतील असून, चुनार काशीच्या वरच्या बाजूस गंगेच्याच काठी असल्याने तो प्रवाहाबरोबर नौकांतून आणता येई. नागपूरकर भोसले, शिंदे, होळकर आणि पेशवे यांच्या नावांनी ओळखले जाणारे काशीचे घाट व वाडे ह्या सोयीशिवाय इतक्या मोठ्या प्रमाणावर उभे राहणे अवघड होते.

मिर्झापूर व वऱ्हाडचा कापूस : महाराष्ट्राचा ह्या नौकांशी सर्वांत निकटचा संबंध मिर्झापूरमार्गे आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिर्झापूर ही उत्तर भारतातील कापसाची मोठी बाजारपेठ होती, आणि तेथे येणाऱ्या कापसाचा मोठा भाग वऱ्हाड व नागपूर प्रांतांतील होता. आज हे चमत्कारिक वाटते. अमरावतीहून मुंबई जवळ; मग कापूस पाचशे मैलांहून अधिक अंतरावरील गंगेच्या घाटावर का जावा ? ह्याचे उत्तर वाहतुकीत आहे. मुंबईच्या वाटेवर घाट ओलांडावे लागत आणि रस्ते वाईट होते. उत्तरेकडे नागपूर, जबलपूर यांवरून मिर्झापूरपर्यंत जाणारा दख्खनचा जुना हमरस्ता होता, त्यावर लमाण-बंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके चालत आले होते, आणि रस्ता संपला की पुढे नदी होती. प्रवाहाबरोबर खाली जाणाऱ्या नौकेचे भाडे बैलाच्या पाठीवरील भाड्याच्या मानाने किरकोळ होते. म्हणजे कापसाच्या प्रवासातील पहिला टप्पा महाग, दुसरा स्वस्त. मुंबईच्या वाटेवर असा स्वस्त टप्पा नव्हता.

१८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे पाठविल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. बैल काळ्या जमिनीतून जात असताना पाऊस लागला, तर तांडा जेथल्या तेथे अडके आणि कापूस भिजून कुजे. म्हणून उन्हाळा संपण्यापूर्वी घाट गाठण्याची घाई असे. मिर्झापूरला तो नौकांत भरला जाई आणि पुराचे पाणी चढताच ताफे कलकत्त्याकडे निघत. तेथून त्यातील बराचसा कापूस चीनमध्ये कँटनला जाई. मालाची जोखीम घेणारे स्थानिक महाजन होते; नदीवरील मालाचा विमा उतरविण्याची देशी पद्धत युरोपीय विमा कंपन्यांवर अवलंबून नव्हती. वऱ्हाडचा शेतकरी, लमाण, मिर्झापूरचा महाजन व बिहारचा मल्लाह अशा चौघांना जोडणारी ही साखळी होती आणि तिच्यातील एकही दुवा यंत्राचा नव्हता.

भागीरथीची अडचण : गंगेच्या मुख्य प्रवाहातून कलकत्त्याकडे वळण्यास भागीरथी, जलंगी व माथाभांगा हे तीन फाटे होते. त्यांना एकत्रितपणे नदिया नद्या म्हणत. पावसाळा संपताच त्यांच्या मुखांशी वाळू साचे आणि हिवाळ्याच्या मध्यापासून मोठ्या नौकांना त्यांतून जाता येत नसे. मग पद्मेने खाली जाऊन सुंदरबनाच्या खाड्यांतून भरती-ओहोटी सांभाळीत कलकत्त्याला पूर्वेकडून यावे लागे. हा फेरा शेकडो मैलांचा होता. विल्यम टॉली याने १७७५ नंतर खोदविलेला नाला आणि एकोणिसाव्या शतकातील बेलियाघाट बाजूचे कालवे ह्या वाहतुकीसाठीच होते. नदिया नद्यांवर सरकारने अधिकारी नेमून जकात बसविली आणि वाळू हटविण्यासाठी स्थानिक उपाय स्वीकारला : बांबूचे खांब व चटया यांचे तिरपे आडोसे (बंडाल) पात्रात उभारले, की पाणी मधल्या अरुंद वाटेने जोराने वाहते आणि तळची वाळू स्वतःच खणून काढते. वाफेच्या शक्तीवरील गाळउपशांपेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त पडे.

वाफेच्या नौका : १८२८ मध्ये ‘हुगळी’ ही वाफेची नौका अलाहाबादपर्यंत जाऊन आली. १८३४ पासून ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ ह्या लोखंडी नौकेने सरकारी सेवा सुरू झाली. ती आपल्यामागे माल व उतारू यांची एक वेगळी सपाट नौका ओढी. १८४४ मध्ये इंडिया जनरल स्टीम नॅव्हिगेशन ही खाजगी कंपनी स्थापन झाली. देशी नौकेला महिने लागत तो प्रवास काही आठवड्यांवर आला. तरीही शिडाच्या नौकांचा व्यवसाय बुडाला नाही. वाफेच्या नौकेचे भाडे इतके जास्त होते, की तिच्यातून सरकारी खजिना, रेशीम, नीळ, मद्य आणि साहेबलोक एवढेच जाऊ शकत. धान्य, मीठ, कापूस व तेलबिया पूर्ववत पटेल्यांतून जात राहिल्या. शिवाय उन्हाळ्यात यंत्रनौका वाळूत अडके, तेव्हा तिच्यावरील माल उतरवून तिला हलकी करण्यासाठी देशी नावा बोलवाव्या लागत.

कोळशाची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. राणीगंजच्या खाणी १८३६ मध्ये द्वारकानाथ टागोर यांच्या कार, टागोर आणि कंपनीने घेतल्या. तेथील कोळसा दामोदर नदीला पूर येई त्या थोड्याच दिवसांत देशी नौकांत भरून आमटा व कलकत्ता येथे आणीत. गंगेवर ठिकठिकाणी जी कोळशाची ठाणी होती, त्यांचाही भरणा देशी नौका करीत. म्हणजे एक यंत्रनौका वर जावी म्हणून अनेक पटेले आधी कोळसा घेऊन वर गेलेले असत, आणि त्यांना ओढणारे दांडी काठाने चाललेले असत. वाफेच्या युगाचे हे पहिले तीस वर्षांचे पर्व माणसांच्या खांद्यावरच उभे होते.

लोहमार्ग : ईस्ट इंडियन रेल्वेचा हावडा ते हुगळी हा पहिला टप्पा १८५४ मध्ये सुरू झाला. वरच्या भागातील बांधकामासाठी लागणारे रूळ व लोखंडी सामान कलकत्त्याहून नदीमार्गे नौकांतूनच नेण्यात आले. दुसरा मार्ग नव्हता. १८६० मध्ये लोहमार्ग राजमहालला गंगेच्या काठाशी भिडला आणि वरून येणाऱ्या नौकांना माल तेथेच रेल्वेत चढविणे सोयीचे झाले. भागीरथीची जुनी अडचण एका फटक्यात टळली. पण नदीने येथेही आपला स्वभाव दाखविला. तीन-चार वर्षांतच गंगेने पात्र बदलले, राजमहालचे स्थानक मुख्य प्रवाहापासून तीन मैल दूर पडले आणि घाटाचा व्यापार साहिबगंजकडे गेला.

१८६२ अखेर लोहमार्ग काशीसमोर पोहोचला आणि त्यानंतर लवकरच मिर्झापूरवरून अलाहाबादकडे गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ ह्या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली आणि वऱ्हाडकडे सर्वांचे लक्ष गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे घाट ओलांडून वऱ्हाडमार्गे १८६७ मध्ये नागपूरला आली. १८७० मध्ये जबलपूर येथे ती ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली. आता अमरावतीच्या कापसाला मुंबई खरोखरच जवळ झाली. पाचशे मैलांचा तांड्यांचा रस्ता आणि त्यापुढील नदी ह्या दोहोंची गरज एकदमच संपली. मिर्झापूरच्या घाटांवरील वखारी ओस पडल्या. बंजाऱ्यांचा वाहतुकीचा धंदा मोडला आणि ज्या समाजावर काही वर्षांतच, १८७१ च्या कायद्याने, गुन्हेगार जमातींची जी नजर रोखली गेली तिच्यात अनेक प्रांतांत बंजारेही सापडले. लोहमार्गाच्या लाभाचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा वगळली जाते.

मल्लाहांची स्थिती थोडी वेगळी झाली. लांब पल्ल्याचा, किमती माल गेला. जवळचा व स्वस्त माल राहिला. उत्तर बिहारमधील घाघरा, गंडक व कोसी यांच्या खोऱ्यांत लोहमार्ग उशिरा पोहोचला, आणि बिहारात गंगेवर पहिला पूल मोकामा येथे बांधला गेला तो १९५९ मध्ये. तोपर्यंत तेलबिया, धान्य, वीट, वाळू, गवत, लाकूड यांची ने-आण नावांनीच चाले. नौका लहान होत गेल्या. मोठा पटेला बांधण्याची ऐपत ज्या महाजनांची होती, त्यांनी आपला पैसा दुसरीकडे वळविला होता. अनेक दांडी कलकत्त्याच्या गोदीत, यंत्रनौकांवर आणि तागाच्या गिरण्यांत मजुरीस गेले.

मुखप्रदेश व १९४२ चे धोरण : पूर्व बंगालमध्ये नद्यांची दाटी इतकी, की तेथे लोहमार्ग नौकेची जागा घेऊच शकला नाही. भात, ताग, मासे, मडकी सर्व काही नौकेने जाई. ह्या प्रदेशावर आघात झाला तो यंत्राने नव्हे, सरकारी हुकुमाने. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यानंतर शत्रूच्या हाती वाहतुकीची साधने पडू नयेत म्हणून १९४२ च्या उन्हाळ्यात बंगालच्या किनारी जिल्ह्यांत दहाहून अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या नौका काढून घेण्याचे किंवा निकामी करण्याचे धोरण अमलात आले. नोंदलेल्या सु. ६६,००० नौकांपैकी सु. ४६,००० नौका अशा प्रकारे गेल्या. काही जाळण्यात आल्या, काही बुडविण्यात आल्या, काही ठाण्यांवर एकत्र करून ठेवल्या त्या उन्हापावसात कुजल्या. मालकांना भरपाई देण्यात आली. परंतु नौका गेल्यावर कोळी समुद्रावर जाऊ शकला नाही, बेटांवरील शेतकरी आपल्या शेतापर्यंत पोहोचू शकला नाही आणि एका भागातील तांदूळ दुसऱ्या भागात नेण्याचे साधन उरले नाही. पुढील वर्षीच्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली. त्याच्या कारणांमध्ये नौकांच्या ह्या नाशाचा वाटा नेमका किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाटा होता, हे दुष्काळ चौकशी आयोगाच्या १९४५ च्या अहवालावरून स्पष्ट होते.

उत्तरकाल : १९४७ च्या फाळणीने गंगेचा खालचा मार्ग दोन देशांत विभागला गेला आणि १९६५ च्या युद्धाने पूर्व पाकिस्तानमधून जाणारी भारताची नदीवाहतूक थांबली, बांगला देशाच्या स्थापनेनंतर, १९७२ च्या कराराने, ती पुन्हा सुरू झाली. १९७५ मध्ये फराक्का येथील बंधारा कार्यान्वित होऊन भागीरथीत पुन्हा बारमाही पाणी खेळू लागले. हल्दिया ते अलाहाबाद हा १,६२० किमी. चा मार्ग १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्र. १ म्हणून घोषित झाला. मात्र तो यंत्रनौकांसाठी आखलेला आहे.

शीड नाहीसे झाले ते एका अनपेक्षित यंत्रामुळे. १९८० नंतरच्या दशकात बांगला देशात शेतीच्या पाणीपंपांची स्वस्त डिझेल यंत्रे नावाड्यांनी आपल्या जुन्या लाकडी नौकांवर बसविण्यास प्रारंभ केला. तीच पद्धत बिहार व पश्चिम बंगालमध्येही पसरली. काही काळ यंत्राबरोबर शीडही ठेवीत. नंतर डोलकाठीच काढून टाकण्यात आली. तिच्याबरोबर काठावरचा दोरही गेला. पाटण्याजवळ वाळू, आणि मुखप्रदेशात भात व विटा वाहणाऱ्या आजच्या नौकांचे सांगाडे पुष्कळ ठिकाणी जुन्याच घाटाचे आहेत. मागील झेपावलेला भाग, सपाट तळ आणि मचाणावर उभा राहून सुकाणू धरणारा मांझी सॉल्व्हिन्सच्या चित्रांतल्यासारखाच दिसतो.